'क्रोएशिया' हे नाव काढायला लावणं योग्य होतं का? मेलबर्न नाइट्सबद्दल चर्चा

आडवा_पास:
मेलबर्नच्या पश्चिमेला सनशाइन नॉर्थमध्ये सॉमर्स स्ट्रीटवर मेलबर्न नाइट्स या फुटबॉल क्लबचं मैदान आहे. तिथल्या एका स्टँडला मार्क विडुकाचं नाव आहे. १९९५ मध्ये तो झाग्रेबच्या क्लबकडे गेला, तेव्हा आलेल्या पैशातून तो स्टँड बांधला गेला. हा पोरगा मेलबर्नचाच, याच क्लबात घडलेला. सलग दोन मोसम तो राष्ट्रीय लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि पुढे २००० मध्ये लीड्सकडून लिव्हरपूलविरुद्ध एकट्याने चार गोल केले.

क्लब १९५३ चा. महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात आलेल्या क्रोएशियन लोकांनी तो काढला आणि त्याला आपल्या मायभूमीचं नाव दिलं. तेव्हा क्रोएशिया स्वतंत्र देश नव्हता, युगोस्लावियाचा भाग होता. जे नाव दूतावासाच्या पाटीवर दिसत नव्हतं, ते या लोकांनी फुटबॉलच्या मैदानात जपलं. १९७२ मध्ये एका सामन्यात हाणामारी झाली आणि व्हिक्टोरियाच्या संघटनेने क्लबला बाहेर काढलं. तरी लोक हटले नाहीत. एसेंडनचा एक क्लब हाताशी धरून ते पुन्हा उभे राहिले आणि १९८४ मध्ये थेट राष्ट्रीय लीगमध्ये पोहोचले.

जानेवारी १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाने क्रोएशियाला देश म्हणून मान्यता दिली. आणि त्याच सुमारास फुटबॉल संघटनेने क्लबांना अशी नावं टाकायला लावली! मेलबर्न क्रोएशियाचं नाइट्स झालं, सिडनी क्रोएशियाचं सिडनी युनायटेड. माझ्या मते हा सरळसरळ अन्याय होता. तुम्हाला काय वाटतं?

किनाऱ्यावरून:
असहमत. हे नाव म्हणजे नुसती मायभूमीची आठवण नव्हती, त्याच्यासोबत राजकारणही मैदानात येत होतं. १९४१ ते ४५ या काळात क्रोएशियात नाझींच्या आश्रयाने उस्ताशा या फॅसिस्ट संघटनेची राजवट होती. यासेनोवाच छावणीत सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल झाली. त्या राजवटीच्या घोषणा आणि चिन्हं पुढेही मिरवली गेली. योसिप शिमुनिचचंच बघा. कॅनबेरात जन्मलेला, नाइट्सकडून खेळलेला हा खेळाडू क्रोएशियाकडून खेळायला लागला. २०१३ मध्ये आइसलँडला हरवल्यावर त्याने मैदानात माईक घेऊन तीच घोषणा दिली आणि फिफाने त्याच्यावर दहा सामन्यांची बंदी घातली. २०१४ चा विश्वचषक हुकला. कुटुंबासह सामना बघायला आलेल्या सर्ब किंवा ज्यू माणसाला हे ऐकून काय वाटत असेल? संघटनेने त्याचाही विचार करायचा की नाही?

आडवा_पास:
त्या घोषणेची बाजू मी घेणारच नाही, ती घृणास्पदच आहे. पण तारखा बघा. २०२२ च्या ऑस्ट्रेलिया कपच्या अंतिम सामन्यात सिडनी युनायटेडच्या काही प्रेक्षकांनी नाझी सलाम ठोकले, आदिवासींच्या स्वागतविधीच्या वेळी हुर्यो उडवली. संघटनेने क्लबला दंड केला, काही जणांना आजन्म बंदी घातली. ते योग्यच झालं. पण तोपर्यंत क्लबच्या नावातून 'क्रोएशिया' जाऊन तीस वर्षं होत आली होती! नाव काढल्याने विष गेलं नाही, मग नाव काढून साधलं काय?

गल्ली_क्रिकेट:
आपल्या मुंबईत हे होऊन गेलंय. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि इतर असे संघ पंचरंगी स्पर्धेत खेळायचे. स्पर्धा तुफान लोकप्रिय होती. दलित समाजातले पळवणकर विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, ही केवढी मोठी गोष्ट! तरीही गांधीजींनी विरोध केला आणि १९४६ नंतर ती बंदच झाली. रणजीतले प्रांतवार संघ राहिले आणि क्रिकेटचं काही बिघडलं नाही. एखादी गोष्ट लोकांना प्रिय असली म्हणून ती चालू ठेवलीच पाहिजे असं नाही.

मरीन_लाइन्स:
@गल्ली_क्रिकेट, उदाहरण चांगलं आहे, पण अर्धंच सांगितलंत. स्पर्धा बंद झाली, क्लब नाहीत. मरीन ड्राइव्हवर जाऊन बघा, पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना ओळीने उभे आहेत, त्याच नावांनी. पाट्या उतरवायला कुणी सांगितलं नाही. शिवाय ते संघ धर्माने बांधलेले होते. सिडनी क्रोएशियाकडून ग्रॅहम अर्नोल्ड खेळला, जो पुढे ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक झाला. तो कुठे क्रोएशियन होता? काढले त्या समाजाने, पण दार सगळ्यांना उघडं ठेवलं.

पश्चिम_उपनगर:
मी मेलबर्नमध्येच राहतो. मला नावापेक्षा २००५ चा घाव जास्त लागतो. १९९४-९५ आणि १९९५-९६ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवलेला हा क्लब. २००४ मध्ये जुनी लीग बंद झाली आणि २००५ मध्ये ए-लीग आली, तिच्यात नाइट्सना जागाच नव्हती. खालून वर चढायची वाटही नाही. आणि २००६ मध्ये श्टुटगार्टला काय दिसलं? ऑस्ट्रेलिया विरुद्ध क्रोएशिया, २-२ बरोबरी. इकडे कर्णधार विडुका, गोलात कालाच, चमूत पोपोविच; तिकडच्या चमूत ऑस्ट्रेलियात जन्मलेले शिमुनिच, शेरिच, दिदुलित्सा. ऑस्ट्रेलियाला बाद फेरीत नेणारे इतके खेळाडू ज्या क्लबांनी घडवले, त्यांनाच मोठ्या लीगमधून वगळलं.

किनाऱ्यावरून:
२००५ बद्दल तुमच्याशी सहमत, क्लबांना वर चढायची वाट हवीच. आणखी एक मान्य करतो. २०१४ मध्ये संघटनेने नाइट्सना जर्सीवर प्रायोजक म्हणूनसुद्धा 'मेलबर्न क्रोएशिया' लिहू दिलं नाही, क्लबला मानवी हक्क आयोगाकडे जावं लागलं. तो अतिरेकच होता. २०१९ मध्ये ते धोरण गेलं, बरं झालं. पण १९९२ च्या निर्णयाबद्दल माझं मत बदललेलं नाही. युगोस्लाविया फुटून युद्ध पेटलं होतं, दोन्हीकडची माणसं मेलबर्नमध्ये एकाच कारखान्यात कामाला होती. त्या वर्षी मैदानावर ते नाव नको म्हणणाऱ्याला मी दोष देणार नाही. आज ज्या क्लबाला जुनं नाव परत हवं त्याने घ्यावं. मात्र स्टँडमध्ये एकदा जरी तो सलाम दिसला, तर नुसता दंड नको, तक्त्यातले गुण कापा. तेवढं लिहून द्यायला क्लब तयार आहेत का?