गुणात्मक संशोधनात, म्हणजे मुलाखती आणि निरीक्षणांवर चालणाऱ्या अभ्यासात, योगायोगाला पद्धतीचा भाग मानायचं का?

नोंदवही: मानायचं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचं 1948 मधलं उदाहरण घ्या. अमेरिकेतली 700 कुटुंबांची कामगार वसाहत. पालक सांगत, ‘इथं मुलं सांभाळायला मोठी पोरं जास्त आहेत, म्हणून संध्याकाळी बाहेर पडता येतं.’ प्रत्यक्षात दहा वर्षांखालच्या 10 मुलांमागे 1 किशोरवयीन. लोक जिथून आले तिथं दीड मुलामागे 1! पोरं वाढली नव्हती, त्यांच्याशी ओळख आणि विश्वास वाढला होता. प्रश्नावलीला चिकटून बसणारा हे उत्तर ‘चूक’ म्हणून सोडून देतो. म्हणून मुलाखतीची शेवटची 15-20 मिनिटं मोकळी ठेवा आणि रेकॉर्डर बंद झाल्यावरचं बोलणंही त्याच रात्री उतरवा.

उलटतपासणी: अजिबात पटलं नाही. वयोगटांचे आकडे हाताशी होते म्हणूनच ते वाक्य खटकलं. शोध तुलनेनं लागला. इंडोनेशियातल्या बालीतही तेच. 1958 मध्ये कोंबड्यांच्या झुंजीवर पोलिसांची धाड पडली, तिथं अभ्यासाला गेलेले मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ आणि त्यांच्या पत्नी गावकऱ्यांबरोबर पळाले आणि तोवर दुर्लक्ष करणाऱ्या गावानं त्यांना जवळ केलं. सगळे एवढंच सांगतात. पण 57 झुंजींच्या मुख्य पैजेचे खात्रीचे आकडे गीर्ट्झनी जमवले, ते काही धाडीनं दिले नाहीत. शिवाय छापून येतात ते फळलेलेच योगायोग. प्रबंधात ‘योगायोगानं लक्षात आलं’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा बहुतेकदा मागे एखादा बोलका माणूस असतो, बस्स.

नोंदवही: 57 चा मुद्दा मान्य. पण गाव परकंच राहिलं असतं तर पैजा कुणी समजावून सांगितल्या असत्या? फसलेल्या योगायोगांसाठी वहीत ‘अनपेक्षित’ असा वेगळा रकाना ठेवा: तारीख, बोललेले शब्द जसेच्या तसे, आणि आपली अपेक्षा काय होती. काहीच खोडायचं नाही.

बांधावरून: रकाना चांगला, पण अपेक्षा मुलाखतीला *जाण्याआधी* लिहा. नंतर लिहिली की मन ती घडलेल्या गोष्टीशी जुळवून घेतं आणि आश्चर्य खोटं ठरतं. मग जे अनपेक्षित कळलं त्याला छेद देणारी माणसं मुद्दाम शोधा. ती सापडेपर्यंत तो निष्कर्ष नाही, नुसती शंका आहे.

आणि रेकॉर्डर बंद झाल्यावरच्या बोलण्याबद्दल माझा ठाम विरोध आहे. यंत्र बंद झालं की माणूस समजतो, संपलं. आधी दिलेली संमती तिथं लागू होत नाही. त्याला ते वाक्य वाचून दाखवा, वापरू का म्हणून विचारा. नको म्हणाला तर ते वहीतूनही काढा, कितीही मोलाचं असलं तरी.

नोंदवही: ‘काहीच खोडायचं नाही’ मागे घेतो. संमती नाकारलेलं खोडायचंच.