उद्याची विम्बल्डन फायनल: सिनर पॅरिसमधून सावरलाय का?

बेसलाइन_पुणे

उद्या, 13 जुलै 2025 ला, रात्री साडेआठला इटलीचा सिनर आणि स्पेनचा अल्काराझ, आणि मला राहूनराहून दोघांची पॅरिसची फ्रेंच ओपन फायनलच आठवतेय. पाच आठवडे झाले फक्त. चौथा सेट, 5-3, अल्काराझची सर्व्हिस आणि 0-40, म्हणजे सिनरकडे तीन चॅम्पियनशिप पॉइंट, त्यातला एक जरी घेतला असता तर विषय संपला होता, पण नाही, अल्काराझने तिन्ही वाचवले, सेट घेतला आणि पाचव्याच्या टायब्रेकमध्ये (6-6 झाल्यावरच्या निर्णायक गेममध्ये) 10-2 ने धुतलं. 5 तास 29 मिनिटं! फ्रेंच ओपनच्या इतिहासातली सगळ्यात लांबलेली फायनल.

एकाच वर्षी पॅरिस आणि विम्बल्डन दोन्ही फायनलला तेच दोघं, हे 2008 च्या फेडरर-नदालनंतर आत्ताच होतंय. तेव्हा पॅरिसला नदालने फेडररला सहज हरवलं होतं, विम्बल्डनला मात्र पाच सेट झाले, तरी जिंकला नदालच. म्हणून विचारतो, अशी हार डोक्यात घेऊन माणूस सेंटर कोर्टवर उतरतो तेव्हा 5-4 ला सर्व्ह करताना हात जड होतो का? की गवतावर हिशोबच वेगळा? आजची बायकांची फायनल 57 मिनिटांत 6-0, 6-0 आटोपली, श्वियाँतेक भारीच खेळली पण अनिसिमोव्हासाठी फार वाईट वाटलं, उद्या तरी खरी लढत बघायला मिळू दे.

मुर्सियाचा_फॅन

हिशोब अजिबात वेगळा नाही. आकडे बघा ना. आमनेसामने अल्काराझ 8-4 ने पुढे, त्यातल्या शेवटच्या पाचही मॅच आपल्या कार्लोसनेच (अल्काराझने) घेतल्यात. सलग 24 मॅच जिंकून आलाय, रोम, पॅरिस आणि लंडनची क्वीन्स स्पर्धा, सगळं खिशात. ग्रँड स्लॅमच्या (चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांच्या) फायनल पाच खेळला, पाचही जिंकला. आणि सिनरच्या हातातून मॅच काढून घ्यायची त्याची ही पहिली वेळ पण नाही, 2022 च्या यूएस ओपनची क्वार्टरफायनल आठवते का, तिथेही सिनरकडे मॅच पॉइंट होता, सव्वापाच तास चालली होती ती, न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे तीन वाजत आले होते, आणि जिंकला कोण.

काल सेमीफायनलला फ्रिट्झसमोर चौथ्या सेटचा टायब्रेक बघितला असेल तर माझं म्हणणं पटेल. 4-6 मागे, म्हणजे फ्रिट्झकडे दोन सेट पॉइंट, समोर एवढी मोठी सर्व्हिस, दुसरा कोणी असता तर पाचव्या सेटची तयारी केली असती, याने सलग चार पॉइंट काढले आणि 8-6. अडचणीत आला की हा मागे सरकत नाही, उलट जास्त मोकळा खेळतो. हे शिकवून येत नाही राव.

क्ले_नको_गवत_हवं

मी नाशिकला क्लबवर पोरांना शिकवतो, थोडं खेळाच्या बाजूने सांगतो.

पॅरिसची माती आणि हे 8 मिलिमीटरवर कापलेलं गवत, यात बॉल किती उंच येतो हाच मोठा फरक. मातीवर अल्काराझचा टॉपस्पिन फोरहँड सिनरच्या खांद्याच्या वर उसळतो, त्याला मागे जावं लागतं, आणि तो मागे गेला की ड्रॉप शॉट (नेटजवळ हळूच टाकलेला बॉल) पडलाच म्हणून समजा. गवतावर तोच बॉल कंबरेला येतो. सिनरला नेमका तिथेच हवा असतो. तो फ्लॅट मारतो, पाय बेसलाइनला (कोर्टच्या मागच्या रेषेला) चिकटलेले, बॉल उठता उठता घेतो, आणि दोन्ही बाजूंनी सारखाच जोर, त्यामुळे समोरच्याला ‘याचा बॅकहँड धरू’ असं म्हणायची सोय नाही. 2022 ला याच विम्बल्डनला चौथ्या राउंडमध्ये त्याने अल्काराझला 6-1, 6-4, 6-7, 6-3 हरवलं होतं, दोघांची गवतावर झालेली ती एकच मॅच आहे, आणि तेव्हाचा सिनर आजच्यापेक्षा बराच कच्चा होता.

पण अल्काराझ पण तेव्हाचा राहिलेला नाही. या वर्षाच्या सुरुवातीला त्याने सर्व्हिसची अ‍ॅक्शन बदलली, आधी मध्येच एक थांबा असायचा तो गेला, आता हात एका लयीत वर जातो. त्याची पहिली सर्व्हिस पडत राहिली तर सिनरला रिटर्नवर काही करता येणार नाही. माझी नजर मात्र त्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवर (पहिली चुकली की मिळते ती) असणार आहे. सिनर तिथे एक पाऊल आत येऊन घेतो का, एवढं पहिल्या तीन-चार गेममध्ये बघा. आत येत असेल तर समजायचं की पॅरिस विसरलाय. मागे उभा राहून नुसता बॉल परत टाकत बसला तर अवघड आहे.

थेम्सकाठचा

लंडनहून लिहितोय. शुक्रवारी तिकिटाच्या क्यूमध्ये पहाटेपासून उभा होतो, ग्राउंड पास (सेंटर कोर्ट सोडून आवारात फिरायचं तिकीट) मिळाला, दोन्ही सेमी टेकडीवर बसून मोठ्या स्क्रीनवर बघितल्या. ऊन असं की लोक छत्र्या उघडून बसले होते.

सिनर तर वेगळ्याच लेव्हलला होता. जोकोविच पूर्ण फिट नव्हता हे दिसत होतं, पण तरी 6-3, 6-3, 6-4 म्हणजे गंमत नाही, तो सात वेळचा चॅम्पियन आहे इथला. सिनरच्या उजव्या हाताला ती पांढरी स्लीव्ह होती, कोपर दुखावलंय ना दिमित्रोवच्या मॅचला, पण फोरहँड मारताना हात आखडताना मला तरी दिसला नाही. दिमित्रोवचं मात्र फार वाईट वाटतं. दोन सेट वर होता, 6-3, 7-5, आणि छातीचा स्नायू गेला, सिनर स्वतः नेटपलीकडे जाऊन त्याच्याजवळ उभा राहिला.

एक गोष्ट टीव्हीवर नीट कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनच्या मागचं गवत पार जातं, तपकिरी माती उघडी पडते, तिथे पाय बऱ्यापैकी धरतो. पण तिथून दोन-तीन पावलं पुढे, कोर्टच्या मध्यात, गवत अजून हिरवं आणि गुळगुळीत. ड्रॉप शॉटला धावणारा माणूस बरोबर तिथेच घसरतो. अल्काराझला हे पक्कं माहितीये.

बेसलाइन_पुणे

मस्त माहिती दिलीत सगळ्यांनी, दुसऱ्या सर्व्हिसचं लक्षात ठेवून बघतो. @मुर्सियाचा_फॅन, पण तुझा कार्लोस या वेळी सहज आलेला नाहीये हां. पहिल्याच राउंडला फोग्निनीने पाच सेट खेळवलं, रुबलेव आणि स्ट्रूफनेही एकेक सेट घेतला. सिनरने पहिल्या तीन मॅच मिळून फक्त 17 गेम दिलेत.

मुर्सियाचा_फॅन

दादा, तो कायम असाच येतो. मध्ये अर्धा तास हरवतो, मग परत येतो. 2023 ला जोकोविचसमोर पहिला सेट 6-1 गेला होता, तरी जिंकला ना पाच सेटमध्ये. उद्या जिंकला तर सलग तिसरं विम्बल्डन, ओपन इरामध्ये (1968 पासून) पुरुषांत बोर्ग, सॅम्प्रास, फेडरर आणि जोकोविच एवढ्यांनीच केलंय ते. माझं मत: पाच सेट, अल्काराझ.

क्ले_नको_गवत_हवं

सिनरसमोर अर्धा तास हरवलास तर सेट गेला, तो परत देत नाही. 2024 पर्यंत इटलीचा एकही खेळाडू इथे सिंगल्स जिंकलेला नाही, बेरेत्तिनी 2021 ला आणि पाओलिनी 2024 ला फायनलला येऊन हरले. मी सिनर म्हणतो, चार सेट. पाचवर गेली तर मात्र अल्काराझ, तिथे माझं काही म्हणणं नाही.