एचडी टीव्हीवर केबल घाण दिसते, दोष कुणाचा?

मंगळवार_पेठ:
काल इथे एकाने टाकलं होतं, "नवा एचडी टीव्ही घेतलाय ना, मग केबल आजच्या आज काढून टाका. केबलवाले सगळे चोर, चित्र फाटकंच येणार." त्याखाली हो ला हो करणाऱ्यांची रांग लागली. रात्रभर ते डोक्यातून जाईना म्हणून सविस्तर लिहितोय. केबलच्या जोडण्या करणं हेच माझं काम. "चित्र घाण येतंय" म्हणून ज्या घरून फोन येतो, तिथे बहुतेक वेळा दोष घरातच सापडतो.

टीव्ही जरा पुढे ओढायचा आणि मागे बघायचं. सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत लाल-पांढरी-पिवळी वायर! जुन्या डबा टीव्हीला होती तीच. त्या पिवळ्या वायरीतून एचडी येतच नाही, टीव्ही लाखाचा असला तरी. एचडीएमआय वायर बॉक्सच्या खोक्यात पिशवीसकट पडून असते. ती लावली तर पुढचा घोळ: पैसे एचडी पॅकचे भरायचे आणि हाताच्या सवयीने नंबर जुनाच दाबायचा. मराठी मनोरंजनाच्या मोठ्या वाहिन्या एचडीत येऊ लागल्या त्या २०१६ मध्ये, पण त्यांचा नंबर वेगळा असतो हे घरातल्या निम्म्या लोकांना कुणी सांगितलेलंच नसतं. साध्या वाहिनीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. फुल एचडी पडद्यावर ठिपके त्याच्या पाचपट, फोर-केवर वीसपट. मधले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो, म्हणून चेहरे मेणचट दिसतात.

आता वायर. दोन तोंडांचा स्प्लिटर (एकच वायर दोन टीव्हींना वाटणारा जोड) लावला की प्रत्येक तोंडाला सिग्नल निम्म्याहून कमी मिळतो, चार तोंडांचा लावला तर जेमतेम पाचवा हिस्सा. आतल्या खोलीतला टीव्ही कधीच गेलेला असतो, स्प्लिटर मात्र तिथेच, एक तोंड उघडं ठेवून. परवा एका घरी कनेक्टर खोलला तर बाहेरच्या जाळीतली केसाएवढी तार आतल्या तांब्याला टेकलेली. ती छाटली, नवा कनेक्टर दाबून बसवला, पडद्यावरचे चौकोन गेले. त्या माणसाने महिनाभर केबलवाल्याचा उद्धार केला होता. आधी घर तपासा, मग शिव्या द्या.

खरं_बोलू_का:
दोष गिऱ्हाइकाचाच, हे ऐकून कान किटले. माझ्याकडे एचडीएमआय आहे. नंबर एचडीचाच लावतो. वायर नवी ओढून घेतली, स्प्लिटर घरात नाही. तरीही मालिकेत गणपतीची मिरवणूक दाखवली आणि गुलाल उधळला की पडद्यावर नुसते चौकोन. ढोल वाजवणाऱ्या पोरांना तोंडच उरत नाही. तोच भाग त्याच टीव्हीवर ॲपवर लावला तर गुलालाचा कण न् कण दिसतो. आता सांगा, यात माझ्या घरातलं काय तपासू?

तुम्ही धंद्यातले आहात म्हणून विचारतो. ८ मेगाहर्ट्झच्या एका कॅरियरमध्ये, म्हणजे वायरीतल्या एका पट्ट्यात, ६४ क्वॅमवर (सिग्नल भरायची एक पद्धत) सेकंदाला ३८ मेगाबिटच्या आसपास जागा मिळते. त्यात किती एचडी वाहिन्या कोंबायच्या हे कोण ठरवतं? मी ठरवतो? जेवढ्या जास्त कोंबाल तेवढा प्रत्येकीचा वाटा कमी. संथ प्रसंगात चालून जातं. गुलाल, पाऊस, क्रिकेटच्या मैदानावरचं गवत आलं की पितळ उघडं पडतं.

आमच्याकडचा पोरगा तक्रारीला आला, बॉक्सचा प्लग काढून परत लावला आणि व्हिजिटचे पैसे मागायला लागला. दिले नाहीत मी.

मंगळवार_पेठ:
वाहिन्यांची दाबादाबी होते, मी नाकारलेलं नाही. पण ती ओळखायची कशी ते सांगतो. बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान असतं. तिथे 'स्ट्रेंग्थ' सगळे बघतात, बघायची असते 'क्वालिटी'. ती वर-खाली होत असेल, चित्र थिजत असेल, आवाज तुटत असेल, तर दोष वायर, कनेक्टर किंवा खांबावरच्या ॲम्प्लिफायरचा (सिग्नल वाढवणारी पेटी). क्वालिटी भरलेली, आवाज स्वच्छ आणि चौकोन फक्त हलत्या दृश्यात, तर दोष वरचा, म्हणजे जिथून वाहिन्या सोडतात तिथला. ॲनालॉगसारख्या मुंग्या डिजिटलमध्ये येत नाहीत. सिग्नल एका मर्यादेपर्यंत पडला तरी चित्र चांगलं, त्याच्या खाली गेला की एकदम बोंब. म्हणून सकाळी झकास आणि रात्री गायब असं होतं.

शीतल_नाशिक:
तुम्ही दोघं तांब्याच्या तारेवर भांडताय, बिलाबद्दल कुणीच बोलत नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी पद्धत आली तेव्हा काय सांगितलं होतं? हव्या त्याच वाहिन्या घ्या, बिल कमी येईल. १३० रुपये आणि वर १८ टक्के कर म्हणजे १५३ रुपये नुसते जोडणीचे, १०० वाहिन्यांसाठी. त्या शंभरात एचडीची एक वाहिनी दोन म्हणून मोजायची. वाहिन्यांचे पैसे वेगळेच. माझं बिल वाढलं, शेजारच्या काकूंचंही वाढलं. एवढं घेऊन चित्रात चौकोन येत असतील तर राग येणारच.

लोअर_परळ:
ताई, ते १०० जुनं झालं. २०२० मध्ये बदल झाला, त्याच १३० त २०० वाहिन्या. आणि २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, त्या १३० ची मर्यादाच काढली. आता किती घ्यायचे ते ज्याचं तो ठरवतो.

शीतल_नाशिक:
म्हणजे माझंच म्हणणं पक्कं झालं. मर्यादा काढली ती कुणाच्या सोयीसाठी?

देवरुखकर:
पैशाचं बोलणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात आमच्याकडे यावं. डिश असलेल्यांचं चित्र पहिल्या मोठ्या सरीला जातं, कारण त्यांचं प्रक्षेपण केयू बँडवर, म्हणजे पावसात अडणाऱ्या लहरींवर. केबलवाल्याच्या मोठ्या छत्र्या बहुतेक सी बँडवर असतात, त्यांना पाऊस फारसा बाधत नाही. पण वाडीतली लाईट गेली की खांबावरचा ॲम्प्लिफायर बंद, मग तुमच्या घरी इन्व्हर्टर असून काय उपयोग? शिवाय खारा वारा. उघड्या जोडाला चिकटपट्टी गुंडाळून गेलेलं असतं कुणीतरी, वर्षभरात आतलं तांबं हिरवं. हा जोड माझ्या घराच्या बाहेर आहे, मंगळवार_पेठ, आत नाही.

अप्पा_सोलापूर:
ते सगळं राहू द्या बाजूला. मला एवढंच सांगा, जुनं काहीही लावलं की दोन्ही बाजूंना काळे पट्टे का येतात? ४३ इंचाचे पैसे मोजलेत. मी रिमोटवरनं 'फुल' करतो तर नातू लगेच पहिल्यासारखं करतो. रोजची कटकट.

लोअर_परळ:
नातू बरोबर आहे, अप्पा. जुनी चित्रफीत ४:३ ची असते, रुंदी चार तर उंची तीन. ती ताणून १६:९ करता तेव्हा माणसं तेहतीस टक्क्यांनी रुंद होतात. सडपातळ नायिका गोल गरगरीत दिसते, गाडीची चाकं लंबगोल होतात. तुम्हाला ते डोळ्यांना खुपत नाही?

अप्पा_सोलापूर:
नाही खुपत. पट्टे खुपतात. मोजून बघा, पट्ट्यांमध्ये ४३ चा ३५ इंच उरतो. मग मी लहानच घेतला असता की.

लोअर_परळ:
ज्याने कॅमेरा लावला, चौकट आखली, त्याची काही किंमत आहे की नाही? लोकांनी अशी ताणाताणी करायची आणि मग म्हणायचं केबल घाण दिसते. तक्रार करायचा हक्कच नाही अशांना.

अप्पा_सोलापूर:
हक्काचं मला शिकवू नका. घर माझं, टीव्ही माझा, पैसे माझ्या पेन्शनचे.

शीतल_नाशिक:
लोअर_परळ, वडीलधाऱ्यांशी बोलायची ही पद्धत नाही. माझ्या सासऱ्यांना मोतीबिंदू. बारीक चित्रात त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, मोठं करून दिलं की समोरून हलत नाहीत. त्यांना चौकटीचं शास्त्र सांगत बसू का?

लोअर_परळ:
मी मोठं करू नका म्हटलेलंच नाही. 'स्ट्रेच' करू नका, 'झूम' करा. झूममध्ये माणूस माणसासारखा राहतो, फक्त वरचा आणि खालचा भाग कापला जातो. डोळ्यांचा त्रास असेल तर झूम वापरा, एवढं मान्य. हौसेखातर ताणणं अजूनही मान्य नाही.

शीतल_नाशिक:
झूम केल्यावर खालची बातम्यांची पट्टी कापली जाते. सासऱ्यांना तीच वाचायची असते.

लोअर_परळ:
बातम्यांना नेहमीचा मोड लावा, सिनेमाला झूम. एक बटण आहे ते.

शीतल_नाशिक:
एक बटण तुमच्यासाठी. त्यांच्या हातात दोन रिमोट, एक टीव्हीचा, एक बॉक्सचा. चुकून 'सोर्स' दाबलं गेलं की पडद्यावर 'नो सिग्नल', आणि मी ऑफिसातून फोनवर सांगत बसते, "बाबा, वरचं डावीकडचं बटण." केबल काढा, ओटीटी (इंटरनेटवरची ॲप्स) घ्या म्हणणाऱ्यांना हे घरात बघावं लागत नाही. आकडा दाबला की वाहिनी लागते, एवढ्या एका गोष्टीसाठी आमच्याकडे केबल आहे आणि राहणार.

मंगळवार_पेठ:
या पट्ट्यांच्या भांडणात एक गोष्ट राहून गेली. बॉक्समध्ये वेगळी सेटिंग असते आणि टीव्हीत वेगळी. बॉक्स ४:३ वर ठेवला आणि टीव्ही १६:९ वर, तर काही वाहिन्यांवर चारही बाजूंनी काळं येतं. बॉक्स १६:९ वर ठेवा, रिझोल्यूशन १०८०आय करा, आणि पुढचं सगळं टीव्हीच्या रिमोटवरून. एचडी वाहिनीवर जुना सिनेमा लागला तर पट्टे चित्रातच छापून आलेले असतात, तिथे अप्पांच्या 'फुल'चा उपयोग नाही, झूमच लागेल. आणि कृपा करून 'व्हिव्हिड' मोड बंद करा. दुकानातल्या उजेडासाठी असतो तो. शार्पनेस शेवटपर्यंत ताणला की साध्या वाहिनीचे चौकोन आणखी उठून दिसतात.

देवरुखकर, तुमचा हिरवा जोड बाहेरचा, हे कबूल. तो बदलणं केबलवाल्याचं काम आहे, आणि चिकटपट्टी लावून जाणाऱ्याची मी बाजू घेणार नाही.

अप्पा_सोलापूर:
झूम करून बघितलं. कपाळ कापलं जातंय, पण चेहरे सरळ आहेत. सिनेमापुरतं चालवून घेईन. नातवाला यातलं काही सांगणार नाही.

खरं_बोलू_का:
मूळ मुद्द्यावर या. तुमच्या सांगण्यावरून क्वालिटीचं पान उघडलं. काटा भरलेला आहे, हलत नाही. आवाज कधी तुटलेला नाही. वरच्या मजल्यावर विचारलं, त्यांच्याकडेही त्याच प्रसंगात चौकोन. मग?

मंगळवार_पेठ:
मग तुमची तक्रार खरी, आणि ती वायरमनच्या हातातली नाही. पोराला बोलावून उपयोग नाही, तो प्लगच काढणार. कस्टमर केअरला वाहिनीचं नाव, दिवस, वेळ सांगून तक्रार क्रमांक घ्या. शक्य असेल तर मोबाईलवर पडद्याचा व्हिडिओ काढून ठेवा. तरी दाद लागली नाही तर त्यांच्या नोडल अधिकाऱ्याकडे (न सुटलेल्या तक्रारी बघणारा) जा, तो नेमणं त्यांना बंधनकारक आहे. वरच्या मजल्यावाल्यांनाही तक्रार करायला लावा. एकट्याची तक्रार लगेच 'सोडवली' म्हणून बंद करतात.

खरं_बोलू_का:
करतो. व्हिडिओ काढलेला आहेच. पण तुमचं ते "बहुतेक वेळा दोष घरातच" वाक्य मागे घ्या आधी.

मंगळवार_पेठ:
बहुतेक वेळा म्हटलंय, प्रत्येक वेळा नाही. नाही घेणार मागे.