उशिरा शिजलेली टर्की: तुमच्याकडे काय झालं?

धागाकर्ती, न्यू जर्सी:
थँक्सगिव्हिंग, म्हणजे टर्की (कोंबडीसारखाच, पण बराच मोठा पक्षी) भाजून खायचा इथला अमेरिकेतला सण, येतो नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी. २०२५ मध्ये तो २७ तारखेला आला, आणि नेमका तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार! सासूबाई पुण्याहून आलेल्या. हॉलमध्ये कलश मांडलेला आणि पलीकडे ओव्हनमध्ये टर्की, हे मलाच बघवलं नसतं. त्याच म्हणाल्या, "शनिवारी कर गं. ती काय उडून जातेय?"

शुक्रवारी रात्री स्वस्तात १४ पौंडांची गोठलेली टर्की उचलली. सकाळपर्यंत बर्फ सुटेल अशी माझी समजूत. फ्रीजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक अख्खा दिवस लागतो, हे शनिवारी सकाळी वाचलं, तोवर पक्षी दगडासारखा! मग गार पाण्याचा उपाय: पौंडाला अर्धा तास, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. म्हणजे सात तास. सासूबाई महिनाभर सामिष शिवत नाहीत, पण सोफ्यावर बसून घड्याळ त्यांनीच सांभाळलं. "झाला गं अर्धा तास!" चौदा वेळा.

कातडीखाली लोणी, आलं-लसूण, मिरपूड. ३२५ अंश फॅरनहाइटवर साडेतीन तास. पानं मांडली तेव्हा नऊ वाजत आले होते आणि धाकटा पोळीचा रोल खाऊन झोपला होता. छाती जरा कोरडी झाली, तंगड्या झकास. तुमचंही असं काही झालं असेल तर लिहा.

ह्यूस्टन:
मी नर्स. गुरुवारी बारा तासांची ड्यूटी, म्हणून आमचं जेवण दर वर्षी रविवारी. पहिल्या वर्षी आतली काळीज-मानेची पुडी काढायची राहिली. नवरा सुरी घेऊन ऐटीत उभा, आणि पोटातून कागदी पाकीट! मुलगी म्हणाली, "बाबा, पत्र आलंय." पुडी कागदाची होती म्हणून निभावलं. प्लास्टिक आत वितळलं असतं तर अख्खी टर्की कचऱ्यात गेली असती.

टोरांटो:
आमच्याकडे हा सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. २०२१ मध्ये तो ११ तारखेला, म्हणजे घरात घट बसलेले. दसरा १५ ला झाला, टर्की १६ ला. मी कात्रीने कणा काढून पक्षी पुस्तकासारखा उघडते आणि ट्रेमध्ये पालथा दाबून कडक आचेवर भाजते. दीड तासात काम फत्ते. टेबलावर रुबाब दिसत नाही, फोटो काढणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

डॅलस, विद्यार्थी:
आम्ही चौघं, चौघांची परीक्षा, म्हणून डिसेंबरात केली. टर्कीत खोचलेलं लाल बटण वर आलं की झालं, असं मित्राने सांगितलेलं. बटण आलं, मांडीजवळ मांस गुलाबी! आता थर्मामीटर आहे. मांडीत, हाडाला न टेकवता, १६५ अंश. बाकी कुणाचं ऐकू नका.

सिएटल:
आमच्यात कुणी खातच नाही, तरी उशीर होतोच. भोपळ्याचे घारगे शुक्रवारी तळले, कारण गुरुवारी तेल संपलं आणि दुकानं बंद. चालेल ना या धाग्यावर?

मिनेसोटा:
भाजलेली टर्की हा आमच्या घरात पहिला अंक. खरं जेवण दुसऱ्या दिवशी. बाबा कोल्हापूरचे. उरलेलं मांस सोडवून डब्यात घालतात (तीन-चार दिवसांत संपवायचं, पुढे ठेवू नये), आणि सांगाडा मोडून मोठ्या पातेल्यात, कांदा आणि मिरे घालून तीन तास मंद उकळत ठेवतात. त्या पाण्यावर तांबडा रस्सा. खोबरं, तीळ, खसखस भाजून वाटण, वर कांदा-लसूण चटणी. टर्कीला स्वतःची चव बेताचीच, पण हाडांत दम असतो. मागच्या वर्षी बर्फामुळे पाहुणे दोन दिवस उशिरा आले आणि थेट रश्श्यालाच पोचले. क्रॅनबेरी सॉसचं विचाराल तर ते लोणच्यासारखं कडेला होतं, वाटी संपली.

धागाकर्ती:
मिनेसोटा, सांगाडा माझ्याकडे अजून फ्रीझरमध्ये आहे. सासूबाई विचारतायत, मार्गशीर्ष संपेपर्यंत टिकेल ना?