मदत हवी आहे: पायथनची इन्स्टॉल स्क्रिप्ट मध्येच थांबायलीय

टॉवेलगाव_सोलापूर: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देतो. सगळीकडं तेच काम, रनटाइम (सॉफ्टवेअर चालायला लागणाऱ्या फायली), डेटाबेस, प्रिंटरचा ड्रायव्हर. म्हणून एकच स्क्रिप्ट केली, गिऱ्हाइकाप्रमाणं फक्त सेटिंगची फाइल बदलायची. माझ्याकडं नीट चालते, कारखान्यात बंद पडते. उद्या सकाळी बसवायचंय, लवकर सांगा.

खटपट्या: एरर काय? विंडोज कुठली? ॲडमिन म्हणून चालवता का?

टॉवेलगाव_सोलापूर: विंडोज १०, ॲडमिनच. रनटाइमनंतर थांबते, शेवटी ३०१० दिसतं.

जुना_बॅचवाला: एवढ्यासाठी पायथन कशाला? बॅच फाइल (विंडोजच्या कमांडची साधी यादी) लिहा. माझं कुठंच अडत नाही.

रेवती_पी: दहा गिऱ्हाइकांची सेटिंग बॅचमध्ये सांभाळणार? ॲन्सिबल घ्या सरळ, अनेक मशीनवर एकदम सेटअप करायचं टूल.

जुना_बॅचवाला: ते चालवायला आधी लिनक्स लागतं. कारखान्याच्या ऑफिसात कुठून आणायचं?

उबुंटूप्रेमी: उबुंटू लिनक्सवर पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं टूल) अडलं तर व्हेन्व (पायथनचं वेगळं फोल्डर) करा, लगेच सुटतं.

खटपट्या: अहो, विंडोजचं विचारलंय. ३०१० म्हणजे रनटाइम बसलंय, फक्त रीस्टार्ट मागतंय. तुम्ही सबप्रोसेस रनला (पायथनमधून दुसरा प्रोग्राम चालवायची कमांड) चेक=ट्रू दिलं असणार, मग शून्य सोडून काहीही आलं की स्क्रिप्ट पडते. तुमच्या पीसीवर रनटाइम आधीपासून असेल, म्हणून तिथं दिसलं नाही. चेक काढा, रिटर्नकोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) स्वतः तपासा. ० आणि ३०१० दोन्ही पास. इन्स्टॉलरला /नोरीस्टार्ट द्या आणि सगळं बसल्यावर एकदाच रीस्टार्ट करा. प्रत्येक पायरीचं वेगळं फंक्शन करा, त्यात आधी 'हे बसलेलं आहे का' बघा. मध्येच लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून बिनधास्त चालवता येते.

चादरप्रेमी_पुणे: विषयांतर होतंय, पण एमआयडीसीत किरकोळ टॉवेल मिळतात का? गड्ड्याच्या यात्रेला येतोय.

टॉवेलगाव_सोलापूर: कारखान्याच्या गेटवर विचारून बघा की. खटपट्या, गाडी पुढं सरकली! एका ठिकाणी विंडोज ७ आहे, तिथं सुरूच होत नाही.

रेवती_पी: हे आधी सांगायचं ना! पायथन कुठलं?

टॉवेलगाव_सोलापूर: ३.११

रेवती_पी: ३.९ पासून विंडोज ७ वर चालतच नाही. ३.८ टाकून पायइन्स्टॉलर टूलनं स्क्रिप्टची एक्सई (थेट चालणारी फाइल) करा. मशीन ३२ बिटचं आहे का तेही बघा.

टॉवेलगाव_सोलापूर: ३२ आहे. एक्सई तिथंच जाऊन करावी लागेल का?

रेवती_पी: नाही, घरीच करा. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचं पायथन बसतं.