मदत हवी आहे : ओहोटीला फायर गाडीचा पंप पाणी धरत नाही

मंडळी, रत्नागिरीकडच्या खाडीतल्या जेटीवरून सक्शन (पाणी खेचायचा होज) लावतो. भरतीला पंप झकास चालतो. ओहोटीला पाणी सहा मीटर खाली जातं, तेव्हा व्हॅक्यूमचा काटा ०.५ बारवर अडतो आणि प्रायमर (पंपातली हवा काढणारं यंत्र) बंद करताच घसरतो. ०.५ बारला पाणी जेमतेम पाच मीटर चढणार, आणि इंपेलरला (पंपातल्या फिरत्या चाकाला) हवा खेचता येत नाही, म्हणजे रेस वाढवून उपयोग शून्य. होजच्या टोकाची जाळी चिखलात नाही, दोन फूट बुडालेली आहे. होज काढून पंपाच्या सक्शनच्या तोंडाला टोपी लावूनही काटा पडतोच, तेव्हा हवा होजमधून शिरते असा संशय नको. ड्रेन कॉकच्या (पंपातलं पाणी काढायच्या तोटीच्या) सीटवर मिठाची पापडी दिसली, ती साफ केली, फरक नाही. आता ग्लँड पॅकिंग (शाफ्टभोवती हवा-पाणी अडवणारी दोरी) बदलावं की डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या सीट आधी तपासाव्यात? ग्लँड जास्त आवळला तर शाफ्टवरची स्लीव्ह जळेल, म्हणून विचारतोय.