लक्ष्याचा 'एक होता विदूषक' चांगल्या प्रिंटमध्ये कुठे मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लक्ष्मीकांत बेर्डे म्हटलं की आपल्याला काय आठवतं, बनवाबनवी, धुमधडाका नाहीतर तात्या विंचूपुढे थरथरणारा लक्ष्या. मीही त्याच पंगतीतला. परवा रात्री मोबाईलवर असंच चाळताना 'एक होता विदूषक' लागला आणि मी हादरलोच राव! १९९२ चा पिक्चर, जब्बार पटेलांचा, पटकथा संवाद चक्क पुलंचे, गाणी ना. धों. महानोरांची आणि संगीत आनंद मोडकांचं. तमाशातल्या बाईचा पोरगा आबुराव सोंगाड्यापासून सिनेमाचा स्टार होतो आणि स्वतःच्या न हसणाऱ्या लेकीला हसवायला धडपडतो, तिथे लक्ष्याचा चेहरा बघा फक्त. आई शेजारी गवार निवडत बसली होती, तिचा हात तसाच थांबला, म्हणाली अरे हा तोच का रे?

मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला सिनेमा आणि तेव्हा थेटरात फारसा चालला नाही म्हणे. लोकांना हसायचं होतं, दुसरं काय.

तर अडचण अशी की मी पाहिलेली कॉपी एकदम भंगार, ओठ हलून गेल्यावर आवाज येतो आणि गाणी मधेच कापलेली. कुणाकडे ओरिजिनल डीव्हीडी आहे का, किंवा नीट प्रिंट कुठे बघायला मिळेल? पैसे भरायची तयारी आहे. आणि लक्ष्याचं असं गंभीर काम अजून कशात आहे, नाटक असलं तरी चालेल, प्लीज सांगा. रविवारी बाबांना दाखवायचाय, ते अजून त्याला नुसता माकडचाळे करणारा म्हणतात.